उसनी उत्तरे

शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर ती चार दिवसांत परत करायची आणि परत करताना वाटीला थोडी शीग ठेवायची, ही रीत आपल्या घरांत कोणाला मुद्दाम शिकवावी लागत नाही. साखर, विरजण, लग्नसराईत एखादा शालूसुद्धा आपण उसना आणतो आणि आठवणीने पोचता करतो. (पुस्तकांचे मात्र विचारू नका!) पण एक उसनवारी अशी आहे, की घेणाऱ्याला ती उसनवारी वाटतच नाही. ती म्हणजे उत्तरांची.

गेली कित्येक वर्षे माझा व्यवसाय प्रश्न विचारण्याचा आहे. छापील प्रश्नपत्रकांचा गठ्ठा पिशवीत घालून खेड्यात जायचे, घरोघर ओसरीवर बसायचे, माणसांना त्यांचे वय, शेत, कर्ज, आजारपण विचारायचे आणि ते सारे चौकटींत भरून पुण्याला आणायचे. एरवी या सदराला एकच पान मिळते, आणि एका पानात शहरातल्या चार गोष्टी जेमतेम मावतात. दिवाळी अंकात संपादकांनी ऐसपैस जागा दिली आहे. तेव्हा यंदा वाचकांना जरा लांब घेऊन जाते.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात एक गाव आहे. त्याचे नाव सांगत नाही. कारण नाव कोठे सांगणार नाही, असा शब्द देऊनच मी तिथल्या ओसऱ्यांवर बसले आहे. एस.टी. फाट्यावर सोडते, पुढे पायी. जमीन हलकी, मुरमाड. पाऊस झाला तर बाजरी, तूर, कापूस. न झाला तर आभाळाकडे पाहणे. दसरा-दिवाळी आटोपली की अर्धेअधिक गाव बायकापोरांसह ऊसतोडीला निघते. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात, ते चैत्र-वैशाखात परतते. आपण गॅलरीत आकाशकंदील टांगत असतो, त्या सुमारास तिथे भांडीकुंडी पोत्यांत भरली जात असतात.

पौषात जाऊन या गावाची पाहणी केली, तर म्हातारी माणसे, शेळ्या आणि कुलपे एवढेच भेटेल. तेवढ्यावरून ‘या गावात तरुण कोणी नाही व मजुरीवर कोणी जात नाही’ असा निष्कर्ष काढता येईल, आणि त्याच्या आकडेमोडीत एकही चूक सापडणार नाही! म्हणून आम्ही त्या गावी वर्षातून दोनदा जात असू. एकदा वैशाखात, एकदा भाद्रपदात.

प्रश्नपत्रकातला पहिला प्रश्न वयाचा. शहरात हा प्रश्न स्त्रियांना आवडत नाही म्हणतात. खेड्यात तो कोणालाच अवघड वाटत नाही, कारण उत्तर अगदी सोपे असते.

“आजी, वय काय असेल तुमचं?”

“लिवा की तुमच्या मनानं. पन्नास-साठ लिवा.”

आजींच्या मागे नातवाचा मुलगा उभा असतो. आपल्या देशाच्या जनगणनेत हे कायम दिसत आले आहे. एकोणचाळीस आणि एकेचाळीस वर्षांची माणसे थोडी, चाळीस वर्षांची उदंड! शून्य आणि पाच या दोन आकड्यांवर लोकांचा फार जीव. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे वय न विचारता आठवण विचारायची. मराठवाड्यात त्यासाठी ठरलेले टप्पे आहेत. रझाकारांची धामधूम आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई. १९७२ चा दुष्काळ. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट.

“बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होतात?”

आजींनी क्षणाचाही विचार केला नाही. “रोजगारावर खडी फोडीत होते. थोरला कडंवर व्हता. दूध कुठलं? सुकडी पाण्यात कालवून त्याच्या तोंडात घातली. त्यो जगला. त्याच्या पाठची पोर न्हाई जगली.”

वयाच्या चौकटीत दोनच आकडे मावतात. ते मी हिशेब करून लिहिले, आणि बाकीचे समासात. माझ्या साऱ्या प्रश्नपत्रकांचे समास असे भरलेले आहेत. संगणकात आकडे भरणारी मंडळी त्यावरून कुरकुरतात, पण मला त्यांच्यापुढे समासाची बाजू घ्यावीशी वाटते.

दुसरा प्रश्न कामाचा. “तुम्ही काय काम करता?” असे विचारले की बाई हमखास सांगते, “काम कुठलं? घरीच असते.” हे सांगताना तिचे हात शेंगा सोलत असतात, पायाने पाळण्याची दोरी हलत असते, आणि सकाळपासून तिने चार हंडे पाणी, एक भारा सरपण आणि एका म्हशीचा गोठा उरकलेला असतो. म्हणून आम्ही विचारण्याची तऱ्हा बदलतो. “काल पहाटे उठल्यापासून काय काय केलं, ते ओळीनं सांगा,” असे म्हणायचे आणि गप्प बसायचे. मग दुपारपर्यंतच्या कामांनीच पान भरते, आणि सांगता सांगता ती स्वतःच थांबून म्हणते, “अगं बाई, लईच झालं की!”

ही अडचण सरकारलाही कळली. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नाला ‘शेतावरचे किंवा घरच्या धंद्यातले बिनमजुरीचे काम धरून’ अशी पुस्ती मुद्दाम जोडली गेली. २०१९ साली तर माणसे दिवसाचा वेळ कसा घालवतात याचीच देशभर पाहणी झाली. घरातली बिनपगारी कामे जी माणसे करतात, त्यांतल्या बायकांची त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७, असे तीत आढळले. हे आकडे शहरातली घरेही धरून आहेत. तेव्हा पुरुष वाचकांनी एकवार स्वयंपाकघराकडे पाहून मगच पुढे वाचावे.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती फिरते, याचे एक मोठे उदाहरण आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू केली. तिच्यात घरात किती धान्य, तेल, डाळ लागली हे विचारत आणि त्यावरून देशात गरीब किती ते ठरत असे. पूर्वी गेल्या तीस दिवसांचे विचारत. १९९९-२००० च्या फेरीत खाण्याच्या जिनसांसाठी तीस दिवस आणि सात दिवस असे दोन्ही प्रश्न शेजारीशेजारी ठेवले. झाले! लोक एक उत्तर दुसऱ्याशी जुळवून सांगतात, असा तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, आणि गरिबी खरोखर किती हटली यावर पुढे कित्येक वर्षे विद्वानांचे वाद चालले. एका गृहिणीने तेलाच्या डब्याकडे पाहून दिलेल्या उत्तरावर केवढा डोलारा उभा असतो पाहा!

मुलाखत म्हणजे दोघांचे बोलणे, अशी आपली समजूत. खेड्यातल्या मुलाखतीला पंधरा माणसे आणि एक शेळी हजर असते. सुनेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सासू देते, सासूला विचारलेल्याचे मुलगा देतो, आणि मुलाला विचारलेल्याचे सरपंचांनी आपल्यासोबत दिलेला माणूस देतो. सुनेचे स्वतःचे उत्तर हवे असेल, तर तिच्याबरोबर कापूस वेचायला जावे लागते. वही मिटली की तोंड उघडते, हा आमच्या व्यवसायातला जुना अनुभव. मात्र मिटलेल्या वहीपुढे सांगितलेले लिहायचे, तर आधी “हे लिहू का?” असे विचारावे लागते. कोणी “लिवा” म्हणते. कोणी नुसती मान हलवते, आणि ते तिथेच, त्या कापसाच्या शेतात ठेवून यायचे.

लोक खोटे सांगतात का, असे मला पुण्यात नेहमी विचारले जाते. सांगतात की! पण उगीच नाही. २००२ साली दारिद्र्यरेषेखालची कुटुंबे ठरवायला सरकारने तेरा प्रश्नांची यादी केली होती. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. जितके गुण कमी, तितके कुटुंब गरीब. त्यात घर, जमीन, संडास यांच्याबरोबर माणशी अंगावरचे कपडे किती, हाही प्रश्न होता. आता एका जादा लुगड्यापायी यादीतून नाव जाणार असेल, तर ते वाळत घातलेले लुगडे काढून आत ठेवणाऱ्या बाईला आपण लबाड म्हणायचे काय? तेव्हापासून वही घेऊन कोणी आले की गाव आधी एवढेच पाहते, की हा माणूस काही द्यायला आला आहे की काढून घ्यायला. आमची गणना बहुधा दुसऱ्यांत होते.

आता ऊसतोडीकडे येते. कारण आमचे मुख्य काम तेच होते. तोडीच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. हंगामाआधी मुकादम जोडप्याला एकरकमी ‘उचल’ देतो, आणि मग टनामागे ठरलेल्या दराने ती कामातून फेडायची. एक दिवस अंग धरून बसले तर ‘खाडा’. त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर पैसे कापले जातात. आम्ही घरोघर विचारीत होतो, गेल्या हंगामात किती खाडे पडले, का पडले, अखेरीस उचल फिटली की राहिली.

या प्रश्नांची उत्तरे बायका आवाज खाली करून देत. “फिटली न्हाई म्हणले. पुढल्या साली पुन्हा जायाचं.” म्हणजे किती राहिली? “ते काय ठावं? हिशेब मुकादमाच्या वहीत.” आणि खाडा? “अंगावरचं लई जात व्हतं. दोन दिस पडून ऱ्हायले.” प्रत्येक घरी थोड्याफार फरकाने हेच. पण सांगायची रीत अशी, की जणू हे आपल्या एकटीचेच नशीब, किंबहुना आपल्या एकटीचाच काही दोष आहे.

तरुण बायकांची गर्भाशये काढून टाकली जातात, ही गोष्टही अशीच कुजबुजीत राहिलेली होती. २०१९ साली ती विधिमंडळात गाजली, समिती नेमली गेली, आणि बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांना विचारण्यात आले. त्यांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. त्यांतल्या प्रत्येकीला आपले ठाऊक होते. सगळ्यांचे मिळून कोणालाच ठाऊक नव्हते.

पहिल्या फेरीच्या शेवटी मी त्या खडी फोडणाऱ्या आजींचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी चहा दिला, बिनदुधाचा, आणि म्हणाल्या, “बाई, लई येत्यात लिवून न्यायला. बँकेचे येत्यात, दवाखान्याचे येत्यात, कालेजची पोरं येत्यात. लिवल्यालं घिऊन माघारी कुणी येत न्हाई. कामून?”

या ‘कामून’ला माझ्या छापील सूचनांच्या पुस्तिकेत उत्तर नव्हते.

हा प्रश्न आजींच्या गावापुरता नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या एका खेड्याची शेतन् शेत, घरन् घर पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शेतकऱ्याची सरासरी जमीन १७७१ साली ४० एकर होती, ती १९१५ साली ७ एकरांवर आली, हे त्यांनी दाखवून दिले. दख्खनच्या शेतीच्या अभ्यासात हे पुस्तक आजही आदराने उल्लेखले जाते. ते खेडे म्हणजे पिंपळे सौदागर. या अंकाचे कितीतरी वाचक आज तिथल्या उंच इमारतींत राहत असतील! ज्यांनी साहेबापुढे आपले सावकारी कर्ज उघडे करून दाखवले, त्या शेतकऱ्यांची ती गोष्ट इंग्रजीत छापली गेली. पुस्तक त्यांच्याविषयी होते, त्यांच्यासाठी नव्हते.

दुसरी गोष्ट प्राध्यापक एम. एन. श्रीनिवास यांची. १९४८ साली त्यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून टिपणे केली. पुस्तकात त्या गावाला त्यांनी रामपुरा म्हटले आहे. पुढे बावीस वर्षांनी, एप्रिल १९७० मध्ये, अमेरिकेत ते काम करीत होते त्या संस्थेला आग लावली गेली आणि मेहनतीने लावून ठेवलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी निव्वळ आठवणीवर पुस्तक लिहिले. ते १९७६ साली निघाले. कागद गेले तरी माणसे मनात राहिली होती, म्हणून ते जमले. नुसत्या चौकटी भरणाऱ्याला ते कधीच जमले नसते.

आणि तिसरे उदाहरण आपल्याच गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली जगाला सांगितले, की त्यांच्यापैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आहेत. हा आकडा पुष्कळांच्या वाचनात असेल. पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची दुसरी विचारपूस. दवाखाना कसा असावा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातलगांना आजाऱ्यापाशी राहू देत नाहीत, पांढरे कपडे मढ्याला घालतात, असे लोकांनी सांगितले. तेव्हा शोधग्रामचा दवाखाना गोंडांच्या गावासारखा झोपड्याझोपड्यांचा बांधला, आणि त्याला देवी दंतेश्वरीचे नाव दिले. उत्तर परत करणे म्हणतात ते हे!

आम्हाला दवाखाना बांधता येण्याजोगा नव्हता. आमचा अहवाल दीडशे पानांचा, इंग्रजीत. त्यातली गावाच्या कामाची तेवढी आठ पाने मी साध्या मराठीत उतरवली, कोणाचे घर ओळखू येईल असे काही त्यात ठेवले नाही, आणि पुढच्या वैशाखात ती घेऊन गेले. मारुतीच्या पारावर पुरुषांपुढे वाचली. पारावर बायका बसत नाहीत, म्हणून दुपारी अंगणवाडीच्या खोलीत पुन्हा वाचली. खोली भरली होती. मुले रडत होती, कोणी तांदूळ निवडत होती.

गावातल्या बहुतेक जोडप्यांची उचल हंगामाअखेरही फिटलेली नव्हती. खाडे पडतात ते बहुधा बायकांच्या आजारपणाने. आणि टनांचा हिशेब जवळजवळ कोणत्याही घरात स्वतःचा असा लिहिलेला नाही. मी एवढे वाचले आणि खोली शांत झाली. एक तिशीतली बाई, जिने वर्षापूर्वी माझ्या कानात सांगावे तसे सारे सांगितले होते, ती म्हणाली,

“म्हंजी हे समद्यांचंच हाय व्हय? मला वाटलं, माझं एकटीचंच.”

मग जी सगळ्या बोलायला लागल्या, ते मला लिहून घेणेही कठीण झाले. आणि मी लिहूनही घेतले नाही. ते बोलणे माझ्यासाठी नव्हते. त्यांचे त्यांच्यात होते.

त्यातून मोठी क्रांती झाली, असे कोणी समजू नये. गाव दसऱ्यानंतर पुन्हा तोडीला गेलेच. फक्त त्या वर्षी काही घरांनी एक वही बरोबर नेली. त्यात शाळेत जाणाऱ्या मुलींनी आयांच्या सांगण्यावरून तारीख, टन आणि खाडे लिहिले. मुकादमाने ती वही पाहून जे उद्गार काढले, ते या अंकात छापण्याजोगे नाहीत. उचल काही वहीने फिटली नाही. पण हिशेबाला बसताना त्या घरांपुढे आता दोन वह्या होत्या, आणि दोन वह्या असल्या की निदान विचारता तरी येते. आजवर त्या गावाला आम्ही प्रश्न विचारीत होतो. आता त्यांच्यापाशी स्वतःचे प्रश्न झाले.

माझ्या मते आमच्या साऱ्या शास्त्राचा कस इथेच लागतो. एकेकट्या माणसाचे दुःख आम्ही उचलून आणतो, त्याची बेरीज करतो, आणि ती बेरीज दिल्ली-मुंबईच्या कपाटांत ठेवतो. वास्तविक ती बेरीज ज्यांची आहे, त्यांनाच तिची सगळ्यांत अधिक गरज असते. “माझं एकटीचंच” हे “समद्यांचंच” झाले, की दुःख कमी होत नाही, पण मान खाली घालण्याचे कारण उरत नाही.

वाचकहो, २०२५ साली सरकारने पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरवला. म्हणजे तुमच्याआमच्या दारची घंटाही वाजणार. शहरातला माझा अनुभव सांगते. साखळी न काढता, दाराच्या फटीतून, “आत्ता वेळ नाही” हे उत्तर मी जितक्यांदा ऐकले आहे, तितक्यांदा त्या डोंगरातल्या गावात एकदाही ऐकले नाही. तिथे रोजगार बुडवून माणसे माझ्यापाशी बसली आहेत. तेव्हा कोणी वही घेऊन आले, तर दार पुरते उघडा. बसायला सांगा, पाणी द्या, खरे ते सांगा. आणि तो निघाला, की आजींचा प्रश्न तुम्हीही त्याला विचारा, “लिहिलेलं घेऊन माघारी केव्हा येणार?”